ठैरो मामू

त्यांचं खरं नाव अंबडमध्ये फार तर दहा-बारा लोकांना माहीत असेल. बाकी सगळे त्यांना ठैरो मामूच म्हणत. पेट्रोलच्या गाडीचं बॉनेट उघडलं, की मामूंच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो 'ठैरो'. तो गिऱ्हाइकाला उद्देशून असायचा की स्वतःच्याच हातांना, हे मला कधी नीट कळलं नाही. तो शब्द उच्चारून ते दोन पावलं मागं सरत, कमरेवर हात ठेवत, आणि एखाद्या बिळात साप शिरताना पाहिलेला माणूस त्या बिळाकडं जसा बघत राहतो, तसे त्या इंजिनाकडं बघत राहत.

मामू भित्रे होते. मी ही त्यांची थट्टा करत नाही. त्यांनीच मला तसं सांगितलं होतं, आणि सांगताना त्यांना कसली लाज वाटली नव्हती.

जालना रोडला, बसस्थानकापासून थोडं पुढं, एकाच पत्र्याच्या छपराखाली आमची दोन दुकानं होती. मी तीर्थपुरीकडचा. शेतीत मन रमलं नाही म्हणून वेल्डिंग शिकलो आणि गेट, ग्रिल, खिडक्या करायला अंबडला आलो. तेव्हा रिकामी अशी ती एकच जागा मिळाली. पलीकडं मामूंचं गॅरेज. गॅरेज म्हटलं तरी मामू सगळी कामं घेत नसत. गाडीत पेट्रोल जिथून जिथून जातं तेवढंच त्यांचं राज्य: टाकी, टाकीतला पंप, फिल्टर, पाइप, इंजेक्टर. हे भाग सोडवायचे, साफ करायचे किंवा बदलायचे, आणि परत बसवायचे. जाफराबादपासून घनसावंगीपर्यंतचे मेकॅनिक असली कामं स्वतः न करता त्यांच्याकडं पाठवत. दोन दुकानांच्या मधे पत्र्याची भिंत होती, आणि तिच्या खाली वीतभर फट. म्हणजे इकडं ठिणग्या आणि तिकडं पेट्रोल.

पहिल्याच दिवशी मामू माझ्या दारात येऊन उभे राहिले. उंच, वाळलेले, अंगात धुऊन धुऊन पातळ झालेला सुती कुर्ता. नायलॉनचा कपडा ते अंगाला लागू देत नसत. त्यांनी माझं वेल्डिंगचं मशीन पाहिलं, ग्राइंडर पाहिला, कोपऱ्यात उभे केलेले गॅस कटरचे दोन सिलिंडर पाहिले, आणि त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी एवढंच मागितलं, की ते पेट्रोलची लाइन उघडतील तेव्हा मी माझं काम बंद ठेवायचं, आणि त्यांचं झालं की सुरू करायचं. मी हो म्हणालो. हे दिवसातून तीन-तीनदा करावं लागेल, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

सुरुवातीला मी चिडायचो. गेटची एक बाजू जोडून झालेली असायची, दुसरी पकडलेली असायची, आणि पत्र्यावर टकटक व्हायची. असंच एकदा मी त्यांना जरा तोडूनच विचारलं, की मी माझ्या दुकानात, तुम्ही तुमच्या, मधे पत्रा आहे, तर माझी ठिणगी तुमचं काय बिघडवणार. मामूंनी मला हाताला धरून त्या फटीपाशी नेलं आणि खाली बसवलं.

"पेट्रोल न्हाई जळत, दत्ता. पेट्रोलची हवा जळती," ते म्हणाले. "अन ती हवा धुरासारखी वर जात न्हाई. खाली बसती. जमिनीवरून मांजरासारखी चालत चालत येती. इकडं मी टाकी खोलून राह्यलो, अन ती तुझ्या पायापाशी येऊन बसली तर तुला दिसणारबी न्हाई."

त्या दिवसापासून माझी त्या फटीकडं पाठ करून काम करायची छाती झाली नाही. मामू टाकी उघडत तेव्हा पलीकडून फटीत ओलं पोतं दाबत, तरी मी मशीन बंद करून पाय वर घेऊन स्टुलावर बसायचो. घोट्याला गार हवा लागली तरी दचकायचो.

मामूंचं काम बघायचं म्हणजे काम सुरू होण्याची वाट बघायची. गाडी आली की आधी ती थंड होऊ द्यायची. गिऱ्हाईक कितीही मोठं असो, कोर्टातला वकील असो की ठाण्यातला साहेब, त्याचा मोबाइल बाहेर लिंबाखालच्या पत्र्याच्या डब्यात. मग पंपाचा फ्यूज काढून गाडी सुरू करायची. पंप बंद, त्यामुळं पाइपात उरलेलं पेट्रोल इंजिन पिऊन टाकतं आणि दोन आचके देऊन आपोआप बंद पडतं. तसं केलं की पाइपातला दाब उतरतो. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवून लांब बांधून ठेवायची. टाकीचं झाकण उघडून आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची. बोअरच्या लोखंडी पाइपाला हात लावून यायचं, कारण अंगातल्या विजेचीसुद्धा ठिणगी पडते असं ते म्हणत. रेतीच्या बादल्या जागेवर आहेत का बघायचं. एवढं झाल्यावर पाइपाच्या जोडाला सुती फडकं गुंडाळायचं आणि पाना लावायचा.

तिथून पुढं मामू श्वाससुद्धा बेताने घेत. पाना पाव फेरा फिरवत, थांबत. पुन्हा पाव फेरा. कधी कधी सगळं करूनही पाइपात थोडा दाब उरलेला असे, आणि फडक्याच्या आतून 'शीऽऽ' असा बारीक आवाज येई. त्या आवाजाला मामू डोळे मिटून घेत. आवाज संपला की उघडत. पाइप सुटला की त्याची दोन्ही तोंडं बुचं लावून बंद, सांडलेलं पेट्रोल झाकणाच्या डब्यात, ओली फडकी लांब उन्हात एकेक वेगळी पसरलेली. आणि या सगळ्यात त्यांचे हात थरथरत असत. नवं गिऱ्हाईक ते बघून घाबरायचं. जुनं गिऱ्हाईक त्याला सांगायचं, की मामूंचे हात थरथरतात तोवर काळजी नाही.

मामूंच्या भीतीबद्दल बाजारात नाना गोष्टी होत्या. कोणी म्हणे, त्यांचा उस्ताद त्यांच्या डोळ्यांदेखत जळाला. कोणी म्हणे, भाऊ टँकरवर होता, तो गेला. एकदा दुपारी दोघंच लिंबाखाली बसलेलो असताना मी विचारलं. ते हसले. म्हणाले, "काही झालं न्हाई रे. माझ्या हातून एकदाबी न्हाई, माझ्यासमोरबी न्हाई. पहिल्या दिवशी उस्तादनं पेट्रोल दाखवलं, अन मी भ्यालो. सगळ्यांची भीती आठ दिवसांत गेली. मी माझी जाऊ दिली न्हाई."

माझी बायको सुमन डबा घेऊन यायची तेव्हा मामूंची चौकशी केल्याशिवाय जायची नाही. ती मला म्हणायची, की तुम्ही आगीचं काम करता आणि तुम्हाला कशाची भीती नाही. शेजारी एक भिणारा माणूस आहे म्हणून मला घरी झोप लागते. मला ते लागायचं.

ती गोष्ट मे महिन्यातली. ऊन असं, की पत्र्याखाली उभं राहिलं तर डोक्यात घण पडल्यासारखं व्हायचं. माझ्याकडं एका घराचं मोठं गेट होतं. दुसऱ्या दिवशी वास्तुशांत, आणि घरमालक सकाळपासून दुकानात खुर्ची टाकून बसलेला. त्याच वेळी मामूंकडं एक व्हॅन आली. व्हॅनवाल्याला संध्याकाळच्या आत वऱ्हाड घेऊन परतूरला पोचायचं होतं. गाडी मधेच बंद पडत होती. पंप गेलेला. म्हणजे टाकी खाली उतरवायची, आणि टाकी काठोकाठ भरलेली, कारण त्याच सकाळी त्यानं पेट्रोल भरून घेतलं होतं. तो मामूंच्या डोक्यावर उभा राहिला. दर पाच मिनिटांनी, मामू, आटपा. मामू, वऱ्हाड उन्हात बसलंय.

मामूंनी पत्र्यावर टकटक केली. मी मशीन बंद केलं. घरमालकानं घड्याळ पाहिलं.

अर्धा तास गेला. पाऊण गेला. तेवढ्यात लाइट गेली, तेव्हा घरमालकाला बोलायला जागाच उरली नाही. आम्ही दोघं घाम पुसत बसलो. मी एकदा फटीतून वाकून पाहिलं. टाकी गाडीखाली नव्हती. मामूंनी ती रिकामी करून, तोंडं बंद करून, बाहेर लिंबाखाली नेऊन ओल्या पोत्याखाली झाकली होती. ते मला लांबून दिसलं. मला वाटलं, झालं.

खरं सांगायचं तर, मला वाटलं नव्हतं. मला तसं वाटून घ्यायचं होतं. विचारायला दहा पावलं जावं लागलं असतं.

लाइट आली. घरमालक खुर्चीतून उठला आणि माझ्याकडं बघत उभा राहिला. मी ग्राइंडर उचलला आणि जोडावर टेकवला. ठिणग्यांची पिसाट धार निघाली आणि जमिनीवरून उसळत त्या फटीखालून पलीकडं गेली. मी ती जाताना पाहिली.

आवाज फार मोठा झाला नाही. 'भप्' असा, कोणीतरी जड गोधडी झटकावी तसा. मी ग्राइंडर टाकला आणि बाहेरून वळसा घालून पळालो.

उन्हात पेट्रोलची आग दिसत नाही नीट. मला आधी फक्त हवा हलताना दिसली, गाडीच्या मागं, जमिनीपासून हातभर. मग मामू दिसले. पाइपातून निथळलेल्या पेट्रोलचा पसरट ट्रे त्यांच्या दोन्ही हातांत होता. तो बाहेर नेऊन डब्यात ओतायचा, एवढंच काम उरलं होतं. आग त्या ट्रेला लागली होती, आणि ट्रे मामूंच्या हातात होता.

कोणीही तो फेकला असता. मी फेकला असता. फेकला असता तर जळतं पेट्रोल जमिनीवर पसरून गाडीखाली गेलं असतं, फटीतून माझ्या दुकानात आलं असतं, आणि फटीपासून चार हातांवर माझे दोन सिलिंडर उभे होते. घरमालक तिथंच होता.

मामू खाली बसले. हळू. इतक्या हळू, की अजूनही ते आठवलं की मला ओरडावंसं वाटतं. एक थेंब न सांडता त्यांनी ट्रे जमिनीवर टेकवला. त्यांच्या उजव्या हाताची बाही पेटलेली होती. डाव्या हाताने त्यांनी शेजारचा पत्रा ओढला आणि ट्रेवर सरकवला. मग माझ्याकडं पाहिलं. मी पाण्याच्या ड्रमाकडं बघत होतो.

"पाणी न्हाई. रेती," मामू म्हणाले. रोज पाना मागत त्याच आवाजात.

मग मी हललो. रेतीच्या दोन्ही बादल्या ट्रेवर आणि भोवती रिकाम्या केल्या. पोतं ओलं करून त्यांच्या हाताला गुंडाळलं, बाही विझली, आणि तो हात मी पाण्याच्या ड्रमात धरून ठेवला. तेव्हा कुठं मामू थरथरायला लागले. सगळं अंग. त्यांचे दात वाजत होते, मे महिन्यात.

व्हॅनवाला चहाच्या टपरीवरून धावत आला. आजूबाजूचे जमले. घरमालक केव्हाच पळाला होता. सगळे एकच विचारत होते, आग लागली कशी. मला खरं सांगायचं होतं. माझ्या दुकानात ग्राइंडर जमिनीवर पडलेला होता, हात लावला असता तर गरम लागला असता. मामू ड्रमाकडं बघत म्हणाले, "पाना निसटला. माझ्याच्यानं झालं."

आणि मी गप्प राहिलो.

त्यांना रिक्षात घालून जालन्याला दवाखान्यात नेलं ते मीच. वाटभर त्यांचं कोपर धरून बसलो होतो. लोक मला चांगलं म्हणाले. शेजारधर्म म्हणाले. दर वेळी मी वर बघायचो ते मामू आता सांगतील या भीतीनं, आणि मामू डोळे मिटून बसलेले असायचे.

जखम भरली, पण उजव्या हाताची शेवटची दोन बोटं मिटेनात. त्या हातात पाना टिकेना. मामूंनी आणखी दोन महिने येऊन दुकान उघडलं, बसून राहिले, आलेली गाडी दुसरीकडं पाठवली. मग त्यांची मुलगी शबाना आणि जावई येऊन त्यांना टेंभुर्णीला घेऊन गेले. जाताना ते माझ्या दुकानात आले. मला वाटलं, आता विचारतील. ते भिंतीपाशी वाकले आणि म्हणाले, ही फट बंद करून घे, पुढं इथं कोण येईल सांगता येत न्हाई. मी त्याच दिवशी पट्टी मारून ती बंद केली. वेल्डिंग करताना मला समोरचं दिसत नव्हतं, आणि ते काही वेल्डिंगच्या काळ्या काचेमुळं नव्हतं.

त्यानंतर मला ग्राइंडरची भीती बसली. बटण दाबायच्या आधी मी बाहेर जाऊन पलीकडचं रिकामं दुकान बघून यायचो. तिथं कोणी नाही हे माहीत असून. परत यायचो, बटणावर अंगठा ठेवायचो, आणि 'भप्' ऐकू यायचं. काम निम्म्यावर आलं. बाजारात मामूंचं नाव निघालं की मी विषय बदलायचो. कोणी म्हणालं, इतका जपणारा माणूस, पण शेवटी पाना निसटलाच, तर मला त्या बोलणाऱ्याचा राग यायचा. दीड वर्ष असं गेलं. एक दिवस सुमन डबा घेऊन आली, आणि मी हातात ग्राइंडर घेऊन नुसता उभा आहे हे तिनं पाहिलं. मी तिला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, की मामूंना सांगितलंत का. मग डबा परत बांधला, माझ्या हातात दिला, आणि म्हणाली, जालन्याची गाडी आता लागेल.

मी गेलो. अंबडहून जालना, जालन्याहून टेंभुर्णी. बसमधे मनात वाक्यं जुळवत होतो. मामूंच्या घरापर्यंत पोचलो तर अंगणाच्या पार टोकाला, बोरीखाली, जावयाची छोटी कार उभी होती, आणि मामू तिच्यापासून दहा हातांवर बाजेवर बसून तिची राखण करत होते. मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, बरा आलास.

गाडीच्या पेट्रोल फिल्टरपाशी पाइप पाझरत होता. जावई शाळेत शिक्षक, त्यांना ती तशीच चालवत जालन्याला न्यायची होती. मामूंनी किल्ली काढून घेतली. गावातल्या मेकॅनिकला बोलावलं, तर तो तोंडात बिडी धरून आला. त्याला फाटकावरून परत पाठवलं. नवा पाइप आणि फिल्टर आणून ठेवलेले होते. शबाना मला दारातूनच म्हणाली, की अब्बा कालपासून नीट जेवले नाहीत, गाडीवरून नजर काढत नाहीत.

"माझी बोटं मिटत न्हाईत," मामू म्हणाले. "तू खोल. मी सांगतो."

मी कधी पेट्रोलच्या लाइनीला हात लावलेला नव्हता. मी म्हणालो, मामू, मी लोखंडाचा माणूस, मला यातलं काही येत नाही, मला भीती वाटते. मामू म्हणाले, मंग बराबर हाय.

मोबाइल शबानाकडं दिला. लोखंडी हापश्याला हात लावून आलो. फ्यूज काढला. मी किल्लीसाठी हात पुढं केला, तर मामूंनी मान हलवली. पाझरणारी गाडी सुरू करायची नाही. ती कालपासून उभी आहे, दाब बराच उतरला असेल, पण उतरलाच असं धरून चालायचं नाही. बॅटरीची तार सोडवली. टाकीचं झाकण उघडलं. रेती जवळ ओढली. ट्रे खाली सरकवला. मी वाकलो, फडकं जोडाला गुंडाळलं, पाना लावला. मामू माझ्या खांद्यामागं उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

पाव फेरा. थांब. पाव फेरा. थांब.

माझ्या कपाळावरचा घाम डोळ्यात गेला. पुसायला हात मोकळा नव्हता. आणखी पाव फेऱ्याला फडक्याच्या आतून तो आवाज आला, 'शीऽऽ'. माझ्या हाताखाली काहीतरी जिवंत असल्यासारखं फडकं गार पडलं आणि ओलं झालं. मला पाना टाकून पळायचं होतं. पायांनी तशी तयारीही केली होती. मामूंनी त्यांचा तो न मिटणारा हात माझ्या पाठीवर ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला. आवाज बारीक होत होत थांबला.

पाइप सुटला. दोन्ही तोंडं मी बुचांनी बंद केली. नवा फिल्टर, नवा पाइप, नवी वॉशर. जोड आवळले, फडक्यानं कोरडे पुसले. फ्यूज बसवला, तार जोडली. मामूंनी मला किल्ली नुसती फिरवून पंप चालवायला लावला, इंजिन सुरू करू दिलं नाही. मग ते गुडघ्यांवर वाकून जोडापाशी नाक नेऊन कितीतरी वेळ राहिले. वास नव्हता. ते उठले आणि बाजेवर जाऊन बसले, एखादा पाहुणा सुखरूप गावाला पोचल्याचा निरोप आल्यासारखे.

मी फडकी उन्हात वेगवेगळी पसरत होतो. तोंड त्यांच्याकडं नव्हतं म्हणून बोलता आलं. म्हणालो, "मामू, त्या दिवशी ग्राइंडर मी चालू केल्ता."

मागून ते म्हणाले, "मालूम हाय. ठिणग्या माझ्या डोळ्यासमोरून गेल्या."

मी वळलो. विचारलं, की मग सगळ्यांना तुमची चूक म्हणून का सांगितलंत. त्यांनी बाजेवर हात थोपटून मला शेजारी बसवलं.

"माझी व्हतीच," ते म्हणाले. "तुला थांबायला सांगितलं, पण काम झालं म्हणून मी सांगायला आल्याबिगर चालू करू नको, हे सांगायचं राह्यलं. दर वेळी सांगायचो. अन रोज मी टाकी खोलल्यावर फटीत ओलं पोतं दाबायचो. त्या दिवशी न्हाई दाबलं. तो व्हॅनवाला डोक्यावर उभा व्हता. त्या दिवशी मला पेट्रोलपेक्षा गिऱ्हाइकाची भीती जास्त वाटली, दत्ता."

माझ्या दुकानात खुर्चीतून उठून माझ्याकडं बघत राहिलेला तो घरमालक मला दिसला. मला त्याचं नावसुद्धा आता आठवत नव्हतं.

शबानानं दोघांना जेवायला वाढलं. मामू पोटभर जेवले. सुमननं बांधलेला डबाही आम्ही संपवला. जेवताना त्यांनी त्या दिवसाचं पुन्हा काही काढलं नाही. बाजारात आता कोणतं दुकान कुठं आहे ते विचारत राहिले. निघताना मी त्यांच्या पायांना हात लावायला वाकलो, तर म्हणाले, आधी साबणानं पुन्हा धू. मी धुतले.

ती आमची शेवटची भेट. पुढच्या थंडीत शबानाचा फोन आला, मामू सकाळी उठले नाहीत. मातीला गेलो तेव्हा गावागावांहून मेकॅनिक आलेले होते. एवढ्या माणसांत कोणी बिडी ओढत नव्हतं, हे माझ्या लक्षात आलं. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना.

पण टेंभुर्णीहून परतताना काय झालं ते सांगायचं राहिलं. दुपारची बस, खिडकीपाशी बसलो होतो. दोनदा साबण लावूनही हातांचा वास गेलेला नव्हता. एका फाट्यावर बस थांबली. माझ्या पुढच्या बाकावरचा म्हातारा दारात गेला आणि बिडी काढून त्यानं काडी ओढली. मी उठलो. दोन्ही हात अंगापासून लांब धरून मागच्या बाजूला सरकलो, लोक बघायला लागले, तरी सरकत राहिलो. म्हातारा बिडी घेऊन तिथंच उभा. मी मागच्या संकटकालीन दारानं खाली उतरलो. बस गेली. मी उन्हात, हात तसेच लांब धरून, पुढच्या बसची तासभर वाट बघत उभा राहिलो. मला माझंच हसू येत होतं, आणि तरी हात खाली येत नव्हते.

घरी पोचायला दिवस मावळला. सुमन स्वयंपाकघरात भाकरी करत होती. उशीर का झाला म्हणून तिनं विचारलं. मी हात पुढं केले. तिनं वाकून वास घेतला, माझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि तव्यावरची भाकरी तशीच ठेवून गॅस बंद केला.